जुन्या मारुतीच्या चाकातील घरघर : कारण, तपासणी व बेअरिंग बदलणे

(ऊस विकास विभागाकडून)



उसाच्या पत्रिकेत मोटारीच्या चाकाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण हंगामापूर्वी ट्रॉल्यांचे हब उघडून तपासून घ्या, असे आम्ही दरसाल सांगत असतो आणि त्या निमित्ताने मंडळी आपल्या मोटारीचीही तक्रार पुढे मांडतात. "साहेब, चाळीसच्या वर गेली की जातं फिरल्यावानी आवाज येते", ही तक्रार तर आम्हाला पाठ झाली आहे. एकेकाला तोंडी सांगत बसण्यापेक्षा येथे एकदाच सविस्तर लिहावे, असे ठरविले.

ही तक्रार बहुतेक वेळा मारुती ८०० ची असते. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्यांदा ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सर्वांत नवी मारुती ८०० सुद्धा दहा वर्षांच्या वरची आहे. आपल्याकडे ती दुसऱ्या-तिसऱ्या हातून आलेली असते आणि तिच्याकडून कामही दोन प्रकारचे घेतले जाते. सकाळी पांदण रस्त्याने खताची पोती घेऊन शेतात, आणि रात्री-बेरात्री घरात कोणाचे दुखले-खुपले तर वाशीमहून थेट अकोल्याचा दवाखाना. पांदणीतला चिखल आणि राष्ट्रीय महामार्ग १६१ वरचा ऐंशीचा वेग, हे दोन्ही सोसायचे ते चाकातल्या त्या चार बोटांच्या बेअरिंगने. तेव्हा ती घरघर ऐकून नुसता रेडिओचा आवाज वाढविणे काही बरोबर नाही. गेलेले बेअरिंग एकदम दगा देत नाही, आधी पुष्कळ दिवस ओरडते. पण शेवटी एकतर अडकते, नाहीतर इतके सैल होते की चाक डुगडुगू लागते, ब्रेक नीट लागत नाही आणि अगदीच दुर्लक्ष झाले तर चाक निखळण्यापर्यंत वेळ येते. गाडीत पेशंट असताना मेडशीच्या घाटात हे व्हावे, असे कोणालाच वाटणार नाही.

याच्या उलट नुकसानही आम्ही पाहिले आहे. एका सभासदाने आवाज टायरचा समजून दोन नवी टायरे टाकली आणि आवाज होता तसाच राहिला. दुसऱ्याने पुढची दोन्ही बेअरिंग बदलून घेतली, आणि आवाज मागच्या टायरचा निघाला. पैसा दोघांचाही गेला. सबब, आधी ओळख आणि मग पाना, हा क्रम ठेवावा.

बेअरिंग म्हणजे काय

लाकडी गाडीच्या तुंब्यात लोखंडी आस फिरताना लोखंडावर लोखंड घासे. म्हणून गाडीखाली वंगणाचा नळा लटकत असे आणि दर काही कोसांवर चाक काढून वंगण भरावे लागे. घासण्याच्या जागी घरंगळणे आणले की ओझे हलके होते, ही बेअरिंगची सगळी युक्ती. विशेष म्हणजे ही युक्ती मोटारीसाठी निघालेली नाही. वेल्समधल्या फिलिप वॉन याने १७९४ साली आसावर गोळ्या बसविण्याचे पेटंट घेतले ते घोडागाडीसाठी. पुढे १८९८ मध्ये हेन्री टिमकेन याने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले, तो तर मूळचा बग्ग्या बांधणारा कारागीर होता. वळणावर चाकाला बाजूने जो रेटा बसतो तो साध्या बेअरिंगला झेपत नाही, हे त्याला गाड्या बांधूनच कळले होते. आपल्या ट्रॉलीच्या हबमध्ये बहुधा असतात ती हीच निमुळत्या रोलरची, म्हणजे टेपर बेअरिंग. मारुती ८०० मध्ये मात्र गोळ्यांची बेअरिंग असतात. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

बेअरिंगमध्ये आतली कडी, बाहेरची कडी, मधल्या गोळ्या, त्यांना अंतरावर धरणारा पिंजरा आणि थोडे ग्रीस एवढेच असते. कडीचा मार्ग आरशासारखा गुळगुळीत असतो, तोवर आवाज नाही. पाण्याने ग्रीस धुतले गेले, गंज धरला किंवा खड्ड्यात जोराचा दणका बसला की त्या मार्गावर बारीक खाच पडते. दर फेऱ्याला गोळ्या त्या खाचेवरून उड्या मारतात, कडेचा पापुद्रा सुटतो, सुटलेला कण परत गोळ्यांखाली येतो. म्हणून ही घरघर एकदा सुरू झाली की आपोआप थांबत नाही, वाढतच जाते. वरून ग्रीस चोपडल्याने ती आठ दिवस दबेल, बरी होणार नाही.

आवाजाची पारख

बेअरिंगचा आवाज चाकाच्या वेगाशी बांधलेला असतो, इंजिनाशी नाही. सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या आसपास वेग धरून क्लच दाबावा आणि इंजिन मंद होऊ द्यावे. (चावी बंद करू नये, आणि उतारावर हा प्रयोग मुळीच नको.) इंजिन शांत झाले तरी गुणगुण तशीच चालू असेल आणि गाडीचा वेग उतरेल तशीच उतरत असेल, तर दोष चाकांकडे आहे असे समजावे. इंजिनाबरोबर आवाज बदलला तर चाके सोडून तिकडे पाहावे.

आता टायर की बेअरिंग? टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. सिमेंटच्या रस्त्यावर एक, नव्या गुळगुळीत डांबरावर दुसरा, आणि पॅच आला की तिसरा. बेअरिंगला रस्त्याचे सोयरसुतक नसते, ते सगळीकडे एकच सूर लावते. शिवाय टायरच्या नक्षीवरून हाताचा तळवा आधी एका दिशेने आणि मग उलट फिरवावा. एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे दातेरी लागले, तर ते टायर आवाज करणारच. तरीही शंका राहिली तर पुढची चाके मागे व मागची पुढे टाकून पाहावीत. आवाजाची जागा बदलली तर टायर दोषी. या तपासणीला फक्त जॅक आणि पाना लागतो.

कोणत्या बाजूचे बेअरिंग, हे वळणावर कळते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर येतो. म्हणून उजव्या वळणावर घरघर वाढत असेल आणि डाव्या वळणावर कमी होत असेल, तर संशय डाव्या बाजूवर घ्यावा. डाव्या वळणावर वाढली तर उजवीवर. लांबट वळणाच्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात हे सहज समजते. त्यासाठी रहदारीत गाडी नागमोडी चालवू नये. आणि केवळ कानावर विसंबू नये, कारण पत्र्यातून आवाज फिरतो. मागच्या चाकाची घरघर पुढे बसलेल्याला आपल्या पायाखालीच वाटते.

दोन आवाज लोक उगाच बेअरिंगच्या खात्यावर टाकतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना 'कट् कट् कट्' असे होते, तो पुढच्या चाकाला फिरविणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा आवाज. मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असल्याने तो सांधा तिथे असतो. त्याचे रबरी बूट फाटून आत माती गेलेली बहुधा दिसतेच. आणि ब्रेक दाबताच खरखर येते किंवा ब्रेक दाबल्यावर चिरका आवाज बंद होतो, तेव्हा आधी ब्रेकचे पॅड व लायनर पाहावेत.

चाक उचलून तपासणी

कानाने संशय धरला, आता हाताने खात्री करायची. गाडी कडक आणि सपाट जागेवर घ्यावी. आपल्या काळ्या जमिनीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी टाकावी. जी चाके जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून दगड लावावेत आणि चाक उचलल्यावर चेसिसखाली भक्कम स्टँड द्यावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-डोके घालू नये, मग कामाची कितीही घाई असो.

चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवावे. खटखट खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला, तर तो बेअरिंगचा होता. ब्रेक दाबूनही राहिला, तर खालचा बॉल जॉइंट वा सस्पेन्शनचा दुसरा सांधा ढिला आहे. चाक नऊ आणि तीनच्या जागी धरल्यावरच खेळ येत असेल, तर पुढच्या चाकाच्या बाबतीत स्टिअरिंगचे टायरॉड एंड बघावेत.

खेळ नसला म्हणजे बेअरिंग चांगले, असे मात्र नव्हे. गोळ्यांचे बेअरिंग खेळ न देताही घरघरू शकते. म्हणून एका हाताने चाक फिरवावे आणि दुसरा हात त्या चाकाच्या स्प्रिंगवर हलकेच ठेवावा. बरे बेअरिंग असेल तर हाताला काही लागत नाही. खराब असेल तर वाळू दळल्यासारखी बारीक थरथर बोटांना कळते. आमच्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत भरवशाची. मागच्या चाकाला ती फार स्पष्ट मिळते. हँडब्रेक मात्र सोडलेला असावा आणि पुढच्या चाकांना दगड असावेत. पुढच्या चाकाबरोबर शाफ्ट आणि गिअरबॉक्समधले दातेही फिरतात, त्यामुळे तिथे थोडा गोंधळ होतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून डाव्या-उजव्याची तुलना करावी. जॅकवरचे चाक इंजिन चालू करून फिरवू नये, हातानेच फिरवावे.

आणखी एक खूण उष्णतेची. फारसा ब्रेक न लावता पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून थांबावे आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ तळहात न्यावा. टेकवू नये, नुसता जवळ न्यावा. एकच चाक भट्टीसारखे लागले तर तिथे काहीतरी धरते आहे. ते बेअरिंगही असेल किंवा न सुटणारा ब्रेकही असेल. एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नये.

नाल्यातले पाणी

आपल्या भागात बेअरिंग वयाने कमी आणि पाण्याने जास्त मरतात, असे आमचे मत आहे. गाडी चालून आली की हब व ड्रम गरम असतात आणि आतली हवा फुगलेली असते. तशीच गाडी पैनगंगेच्या उतारात किंवा गावच्या नाल्यात धुवायला घातली, की हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी व गाळ आत ओढला जातो. दुसऱ्या दिवशी काही कळत नाही. महिना-दोन महिन्यांनी घरघर सुरू होते आणि दोष मेकॅनिकला दिला जातो. गाडी धुवायचीच तर थंड होऊ द्यावी आणि पाण्याचा फवारा हबच्या मध्यावर रोखून मारू नये. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असताना तर गाडी घालायचीच नाही, पण ते कारण बेअरिंगहून मोठे आहे.

बदलताना

मागचे चाक तुलनेने सोपे. या गाडीत दोन बेअरिंग ड्रममध्येच बसलेली असतात आणि त्या दोघांच्या मध्ये एक नळीसारखा स्पेसर असतो. चाक काढून मधली टोपी, कॉटर पिन आणि नट काढला की ड्रम पुलरने ओढून घ्यावा. हातोड्याने कडेला ठोकू नये, बीड तडकते. आतली ब्रेकची धूळ तोंडाने वा हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसाला फार वाईट. जुनी बेअरिंग काढायला स्पेसर थोडा बाजूला सरकवून, आतल्या कडीच्या काठावर पंच ठेवून चोहोबाजूंनी आळीपाळीने ठोकावे. हे बेअरिंग तर जाणारच आहे, त्याची काळजी नको.

काळजी घ्यायची ती नव्याची. जी कडी घट्ट बसवायची असते तिच्यावरच दाब द्यावा. ड्रममध्ये बसविताना दाब बाहेरच्या कडीवर. ते सोडून आतल्या कडीवर ठोकले की सगळा मार गोळ्यांतून जातो, आरशासारख्या मार्गावर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवे कोरे बेअरिंग घरी पोचण्याआधीच वाजू लागते. "नवं टाकलं तरी आवाज येतेच" याचे कारण पुष्कळदा हेच असते. यावर सोपा उपाय म्हणजे जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी फेकू नये, कडेने थोडी घासून घ्यावी व ती मध्ये ठेवून नवे बेअरिंग सरळ दाबावे. स्पेसर मध्ये घालायला विसरू नये. त्या चाकाची दोन्ही बेअरिंग आणि सील एकदमच बदलावे. दुसऱ्या बाजूचे चाक शांत असेल तर त्याला हात लावण्याचे कारण नाही, गॅरेजवाला काहीही म्हणो.

आता मघाशी सांगितलेला फरक. ट्रॉलीवर हात बसलेले मिस्त्री टेपर बेअरिंगचा नट कसा आवळतात? चाक फिरवीत फिरवीत नट आवळायचा, मग थोडा मागे सोडायचा आणि पिन घालायची. टेपर बेअरिंगला हेच बरोबर, कारण तिथे नटच रोलरची जागा ठरवितो. तो करकचून आवळला तर रोलर दाबले जातात, ग्रीस वितळून वाहते आणि भरल्या उसाची ट्रॉली भर रस्त्यात हब धरून बसते. पण तोच हात मारुतीच्या मागच्या चाकावर चालवला की घोटाळा होतो. तिथे जागा ठरविण्याचे काम मधला स्पेसर करतो. नटाने दोन्ही आतल्या कड्या आणि स्पेसर मिळून घट्ट धरायचे असतात. म्हणून तो गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने, टॉर्क रेंच लावून, पुरता आवळावा. "थोडा सैल सोडला" की आतली कडी आसावर फिरू लागते, आस झिजतो, आणि मग नवे बेअरिंगही त्यावर लटलटते. बेअरिंगच्या जागी आसाचा खर्च अंगावर येतो. ट्रॉलीचा मिस्त्री हुशार असला तरी मोटारीचे चाक त्याच्या हाती देताना एवढे बोलून घ्यावे. कॉटर पिन दरवेळी नवीन घालावी.

पुढच्या चाकाचे काम घरी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे शाफ्ट, बॉल जॉइंट आणि टायरॉड सोडवून नकल बाहेर काढावा लागतो आणि हब प्रेसवरच काढावा व बसवावा लागतो. हब निघताना एका बेअरिंगची आतली कडी बहुधा त्याच्यावरच अडकून राहते, ती पुलरने काढावी. गॅसची ज्योत लावून हब लाल करणाऱ्याकडे गाडी देऊ नये, त्याने लोखंडाचा पाणी उतरतो. मधला मोठा नट सुटल्यावर गाडीचे वजन त्या चाकावर टाकू नये आणि काम झाल्यावर अलाइनमेंट पाहून घ्यावे.

खरेदी

दुकानात "मारुतीचं बेअरिंग द्या" एवढेच न म्हणता जुन्या कडीवरचा नंबर वाचून न्यावा. गोळ्यांच्या साध्या बेअरिंगचा नंबर ६ ने सुरू होतो आणि शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे माप सांगतात. त्यांना पाचाने गुणावे. ६२०५ म्हणजे ०५ गुणिले ५, भोक २५ मिलिमीटर. (०४ पासून पुढे हा हिशेब चालतो. ००, ०१, ०२ व ०३ यांची मापे अनुक्रमे १०, १२, १५ व १७ मिलिमीटर.) ६३०५ चे भोकही २५ च, पण ते बाहेरून मोठे असते, ते ६२०५ च्या जागी बसणार नाही. टेपर बेअरिंगचा नंबर ३ ने सुरू होतो, हिशेब तोच. ३२२१० म्हणजे भोक ५० मिलिमीटर. नंबरामागे 'झेडझेड' असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे, '२आरएस' असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. जुन्यावर जे असेल तेच घ्यावे. बंद बेअरिंगचे झाकण उचकटून ग्रीस भरू नये, ते कारखान्यातच मोजून भरलेले असते. उघड्या बेअरिंगला लिथियमचे चाकाचे ग्रीस वापरावे आणि हबची मोकळी जागा तिसऱ्या हिश्शापासून निम्मीपर्यंतच भरावी. गच्च भरले की ते घुसळून तापते.

नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली माल बाजारात पुष्कळ येतो. खोक्यावरचा आणि कडीवर कोरलेला नंबर एकच आहे का, अक्षरे बोटाने पुसली जातात का, हे पाहावे आणि पक्के बिल मागावे. बिल नाही म्हणणाऱ्याकडून दुसरे काही घ्या, बेअरिंग घेऊ नका.

काम झाल्यावर पहिले दहा-पंधरा किलोमीटर बेताने चालवून थांबावे, हबजवळ हात नेऊन पाहावा आणि चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. बदलल्याची तारीख व किलोमीटर गाडीच्या कागदपत्रांसोबत एका चिठ्ठीवर लिहून ठेवावेत. ट्रॉलीवाल्यांनी हबचे ग्रीस केव्हा बदलले ते चेसिसवर रंगानेच लिहावे, चिठ्ठी उसाच्या पाचटात हरवते.